शेडकाकांचा पांढरा

३ मार्च, सोमवार

रंगाच्या कंपनीने भेट दिलेली ही डायरी दोन महिने गल्ल्याखाली पडून होती. आजपासून लिहायला घेतली, कारण दुकानात चोरी होते आहे आणि चोर पकडायचा तर नोंद पाहिजे.

चोरी कसली, तर मातकट पिवळ्या स्टेनरची. पांढऱ्या बेसमध्ये स्टेनरचे थेंब घालून गिऱ्हाइकाला हवी ती शेड काढून देणं हा माझा आयुष्यभराचा धंदा. लोक मला शेडकाका म्हणतात ते काही उगाच नाही. कुठल्या शेडला किती पिवळा लागतो हे मला झोपेतून उठवून विचारा. हल्ली मी वापरतो त्याच्या दुप्पट जातो. निळ्याला कोणी हात लावत नाही, लाल जागच्या जागी, काळा तर फुकट दिला तरी कोणी नेणार नाही. पिवळ्याच्याच पाठी कोण लागलंय?

माझा संशय उंच पेंटरवर आहे. हा आमचा जुना पेंटर, स्टुलावर न चढता छताला ब्रश टेकवतो. बाकीचे पेंटर आदल्या दिवशी काढलेले डबे सकाळी घेऊन जातात. हा मात्र नेमका दुपारी येतो, मी जेवून घरी आडवा झालो की.

लेकीला सांगितलं. ती अकरा वर्षं माझ्याबरोबर दुकानात आहे. ऑर्डरी, बिलं, ते रंग मिसळायचं नवं मशीन, सगळं तीच बघते. मशीनला मी हात लावत नाही आणि शेड पास करायला तिला देत नाही, अशी आमची वाटणी. ती म्हणाली, "बाबा, पिवळा चोरून आजवर कोण श्रीमंत झालंय?" एवढं बोलून मागच्या खोलीत गेली. पोरीला धंद्याचं गांभीर्य नाही.

६ मार्च, गुरुवार

आज चोराचं राहूच दे. रंगाच्या कंपनीने लेकीला त्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी देऊ केली आहे. रेल्वेने रात्रभराच्या अंतरावर. हो की नाही ते एप्रिलअखेर कळवायचंय. हे तिने मला जेवताना सांगितलं, मीठ मागावं तसं.

"मग?" मी विचारलं.

"बघू," ती म्हणाली.

ती गेली तर दुकान माझ्यानंतर बंद पडेल असं नाही, माझ्या डोळ्यांदेखत बंद पडेल. बिलं मला जमत नाहीत, मशीन मला ओळखत नाही. हे मी तिला बोललो नाही. उलट म्हटलं, पगार वाढवतो. ती म्हणाली, "पगाराचं काही नाही हो." मग कशाचं आहे, तेही सांगेना. अगदी आईवर गेली आहे.

८ मार्च, शनिवार

पिवळ्याच्या कपाटाला कुलूप ठोकलं. किल्ली गळ्यात. हिने विचारलं, "अहो, हे काय घातलंय?" मी म्हटलं, "बंदोबस्त." लेकीने कुलूप पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. उंच पेंटर दुपारी आला, कुलूप बघून त्याचाही चेहरा उतरला. चोराच्या मनात चांदणं.

१३ मार्च, गुरुवार

दातांच्या डॉक्टरांना बसायच्या खोलीसाठी पांढरा हवा होता. मी काढला. पांढऱ्याला पांढरेपणा यायला किंचित निळा घालावा लागतो, ही जुन्या लोकांची विद्या. पूर्वी एक थेंब पुरायचा. हल्ली कंपनीचा बेसच मळकट येतो, म्हणून चार-पाच घालावे लागतात. माल पूर्वीसारखा राहिलेला नाही.

लेक म्हणाली, "बाबा, किल्ली द्या."

"कशाला?"

"थोडा पिवळा घालते. निळं झालंय."

पांढऱ्यात पिवळा घालणारी! मी तिला समजुतीने सांगितलं, "बाळा, तुला नजर नाही, आणि त्यात तुझा काही दोष नाही. सगळ्यांना देव देत नाही." तिने झाकण ठोकून बसवलं. जरा जास्तच जोरात ठोकलं. मग म्हणाली, "ठीक आहे. जाऊ दे तर मग तुमचाच पांढरा."

मला समाधान वाटलं. ऐकायला शिकते आहे.

१८ मार्च, मंगळवार

आठवडाभरात एवढी बडबड कधी ऐकली नव्हती. केकवाली आली. तिला क्रीम रंग दिला होता, ती म्हणते भिंतीपुढे केक आजारी दिसतात. फोटोवाला आला. त्याच्या मागच्या पांढऱ्या भिंतीमुळे म्हणे गिऱ्हाइकं पाण्यात बुडवून वर काढल्यासारखी दिसतात, आणि कचेरीतून फोटो परत येतात. मी म्हटलं, गिऱ्हाइकंच तशी असतील. दोघंही निळं निळं करत होती. कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. यांना कुठला रोग झालाय देव जाणे.

एकट्या दातांच्या डॉक्टरांची तक्रार नाही. ते म्हणाले, पेशंट हल्ली आरडाओरडा न करता बसतात. जाणकार माणूस.

पिवळा मात्र जसाच्या तसा. चोरी थांबली.

२० मार्च, गुरुवार

हिला चष्म्याचा नंबर तपासायचा होता, म्हणून सोबतीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. लेक दुकान सोडून कधी येत नाही, तीही आली. गंमत म्हणजे तिथे पोचल्यावर हिला आधी बसवायचं सोडून मलाच खुर्चीत बसवलं. चिठ्ठीवरही नाव माझंच लिहिलेलं होतं. असल्या चुका होतात.

डॉक्टरीणबाई तरुण, पण हात स्थिर. डोळ्यात थेंब घातले, दिव्यात पाहिलं, आणि म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगलाच पिवळा पडलाय."

मी म्हटलं, "पिकू दे सावकाश. मग काढू."

"तो काही फळ नाही काका, पिकायची वाट बघायला. कामात अडायला लागलं की काढायचा."

"माझं कुठे काय अडतंय?"

"मोजे कुठल्या रंगाचे घातलेत?"

"काळे."

"दोन्ही?"

मी पायांकडे पाहिलं. दोन्ही काळेच होते. तरी ही आणि लेक, दोघी एकदम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागल्या. घरी येऊन खिडकीत नेऊन पाहिलं तेव्हा डावा थोडा निळसर वाटला. मोजे चुकणं वेगळं आणि रंग चुकणं वेगळं. मोजे ही काढून ठेवते.

२३ मार्च, रविवार

मोतीबिंदू झाला हे अख्ख्या गल्लीला कळलं, आणि सल्ले देण्याला काही परीक्षा नसते. न्हावी म्हणाला, डोळ्यातली लेन्स दहा वर्षांनी बदलावी लागते, गाडीच्या टायरसारखी. केकवालीच्या मते ती थंडीत आकसते. मेहुणा खास भेटायला आला. त्याने गेल्या वर्षी जवळ-लांब सगळं दिसणारी मल्टिफोकल बसवून घेतली. चष्म्याशिवाय मला औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवली, तीसुद्धा दोनदा.

"भाऊजी, डोळे झाकून हीच घ्या," म्हणाला.

मी विचारलं, तोटा काहीच नाही का? तो जरा घुटमळला. "अंधारात दिव्यांभोवती कडी दिसतात. समोरून येणारी मोटार म्हणजे दोन मोठ्या चकत्या. पण सवय होते." बहीण-भाऊ दोघांनाही कुठल्या गोष्टीची सवय करून घ्यायची याचं भान नाही. मी दिवसभर शेड बघणारा माणूस. माझ्या डोळ्यांत चकत्या नकोत.

२६ मार्च, बुधवार

डोळ्यांचं माप दिलं. डोळ्याची लांबी मोजतात, बुबुळाचा गोलावा मोजतात, त्यावरून लेन्सचा नंबर काढतात. शिंप्याकडे निदान कापड तरी दिसतं. मी न्हाव्याचं म्हणणं विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लेन्स जन्मभर टिकते. पुढेमागे तिच्यामागच्या पडद्यावर धुरकटपणा आला तर लेझरने पाच मिनिटांत साफ होतो, पण लेन्स तीच राहते. थंडीत आकसत नाही.

मग म्हणाल्या, "तुम्ही काम किती अंतरावरून करता?"

एवढ्या वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी हात पुढे केला, डब्यात काठी धरतो तसा. त्यांनी चक्क टेप लावून मोजलं. "मग एकाच अंतराची लेन्स घालू, आणि ती या अंतराला बसवू. दूरचं बघायला आणि वाचायला चष्मा लागेल. चालेल?"

चष्म्याला मी कधी घाबरलो नाही. चालेल म्हटलं. मग त्या म्हणाल्या, काही लेन्सना किंचित पिवळी झाक असते, काही अगदी नितळ असतात. फरक थोडाच असतो, पण तुमचं काम रंगाचं, म्हणून विचारते.

"डोळ्यात पिवळा?" मी खुर्चीतून उठलोच. "नितळ द्या. पाण्यासारखी."

लेक म्हणाली, "नितळच घ्या बाबा." आणि तिला एकदम हसू का आलं, कळलं नाही.

२ एप्रिल, बुधवार

उजवा डोळा झाला. भूल म्हणजे नुसते थेंब, मी टक्क जागा. वर तीन दिवे होते, ते पाण्यात पडल्यासारखे हलायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता घडी घातलेली लेन्स आत सोडते, ती आपली आपण उघडेल."

"छत्रीसारखी?" मी विचारलं.

"काका, बोलू नका."

तेवढाच काय तो त्रास. डोळ्यावर ढापण लावून घरी आलो. लेन्सची माहिती असलेलं कार्ड दिलं, ते हिने कपाटात ठेवलं, आता ते कोणालाही सापडणार नाही.

३ एप्रिल, गुरुवार

ढापण काढलं आणि घात झाला. यांनी मला निळी लेन्स बसवली आहे.

डॉक्टरीणबाईंचा कोट निळा, कापूस निळा, खिडकीबाहेरचं आकाश तर बघवेना इतकं निळं. मी आधी गप्प राहिलो. म्हटलं, बाईंनी मेहनत केली आहे, पहिल्याच दिवशी कशाला. पण माझं तर वाटोळं झालं. शेडकाकाला निळा डोळा म्हणजे आचाऱ्याची जीभ भाजल्यासारखं.

५ एप्रिल, शनिवार

घरात बसून आहे. उजव्या डोळ्याने सगळं नको इतकं दिसतं. हिच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत! मी विचारलं, "या कधी आल्या?"

"तुम्ही दुकानात होतात तेव्हा," ही म्हणाली.

न्हाणीघरातल्या आरशात एक म्हातारा उभा होता. त्याच्याशी मी काही बोललो नाही.

७ एप्रिल, सोमवार

न राहवून दवाखान्यात जाऊन स्पष्ट सांगितलं, लेन्स बदलून द्या, चुकीचा रंग आलाय. आम्हीसुद्धा चुकीचा डबा परत घेतो.

डॉक्टरीणबाईंनी एक कोरा कागद दिला. म्हणाल्या, डावा डोळा झाका. कागद निळसर पांढरा. मग म्हणाल्या, आता उजवा झाका. मी झाकला. कागद चहात बुडवून वाळवल्यासारखा दिसला. पुन्हा उघडला, पुन्हा झाकला. बाहेर बसलेले पेशंट माझ्याकडे बघत होते. एक बाई पदर सावरून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या.

"मेंदूला सवय नाही, म्हणून सुरुवातीला निळेपणा थोडा जास्त वाटतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही आठवड्यांत तो ओसरेल."

"आणि उरलेला?"

"उरलेला जगात आधीपासूनच होता, काका. तुमच्यापर्यंत पोचत नव्हता."

कागद तेवढा मागून घेतला.

१० एप्रिल, गुरुवार

आज गल्ली फिरलो, एकटाच. भिंती बघायच्या होत्या.

केकवालीकडे गेलो. निळी. केक खरोखरच आजारी दिसत होते. फोटोवाल्याची भिंत निळी, आणि तो स्वतः तिच्यापुढे बुडाल्यासारखा. दातांच्या डॉक्टरांकडे तर समुद्राच्या तळाशी गेल्यासारखं वाटलं. मग पुलाजवळच्या शाळेपाशी आलो. ती भिंत डिसेंबरात केलेली, क्रीम रंगाची. सायीसारखी होती, अगदी बरोबर. मी म्हटलं, बघा, हा खरा माझा हात! त्याच्या पुढे ग्रंथालय, जानेवारीतलं. तेही बरोबर.

शाळेसमोरच्या बाकावर बसलो. तोच बेस, तोच हात, तोच डोळा. मग डिसेंबरातलं बरोबर आणि मार्चातलं चूक कसं? मार्चात नवीन काय झालं? किल्ली माझ्या गळ्यातच होती, छातीला टोचत होती.

तसाच उंच पेंटरला गाठला. त्याने आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला, "काका, तुम्ही जेवायला गेलात की ताई डबे उघडून नीट करायच्या. त्याच्याआधी डबा नेला तर भिंत परत करावी लागायची. म्हणून मी दुपारी यायचो." किती दिवस? "दोन वर्षं तरी झाली असतील."

घरी येऊन हिला विचारलं, तुला माहीत होतं?

"मलाच काय, पाववाल्यालाही माहीत होतं."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं की तिने. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात, आठवतंय? आणि पुन्हा मार्चात काय म्हणालात? डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तेसुद्धा माझ्या नावाने न्यावं लागलं."

मी डोकं दुखतं म्हणून आडवा झालो. डोकं दुखत नव्हतं. लाज वाटत होती.

११ एप्रिल, शुक्रवार

कपाटाचं कुलूप काढलं. किल्ली खिळ्याला अडकवली. लेक समोरच होती. बोलणारच होतो, पण शब्द सापडेनात, आणि तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. कळायचं ते तिला कळलं असेल. शिवाय तिच्यासाठी नवी फिरती खुर्ची मागवली आहे, पाठ टेकायची.

१४ एप्रिल, सोमवार

दैव कसं खेळतं बघा. नव्या वसाहतीचे अध्यक्ष आले. चार इमारती, बाहेरून सगळ्या. एवढी ऑर्डर दुकानाने पाहिलेली नाही. मला वाटलं, लेकीला थांबवायला याहून मोठं कारण काय हवं.

"रंग कुठला?" मी विचारलं.

"आमची दाढ दुखत होती," अध्यक्ष म्हणाले, "तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडे ती भिंत पाहिली. काय शांत वाटलं! तोच हवा. शेडकाकांचा पांढरा."

मी म्हटलं, अहो, तो पांढरा नाही, निळा आहे. ते हसले. "कलाकार माणसं नम्र असतात." दुसरा कुठलाही चालणार नाही म्हणाले.

१६ एप्रिल, बुधवार

जमत नाही. दुसरा थेंब निळ्याचा पडला की उजवा डोळा बोंब मारतो आणि हात आपोआप थांबतो. जन्मात पहिल्यांदा बरोबर दिसतंय, तर मला चूक करायची आहे, आणि ती येत नाही.

मग उजवा डोळा झाकून डाव्याने काढून पाहिला. जमला! दुसरा डबा काढला, तोही जमला असं वाटलं. उंच पेंटरने दोन्हीचे पट्टे शेजारी शेजारी ओढले आणि म्हणाला, "काका, हे सख्खे भाऊ वाटत नाहीत. चुलतही नाहीत."

चूकसुद्धा मला एकसारखी करता येत नव्हती, हे आज कळलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

डावा डोळा २३ तारखेला ठरलाय. मी म्हटलं, पुढे ढकला. चार इमारती होईपर्यंत जुना डोळा राहू दे, सराव करतो. हिने पोळी लाटायचं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "एका डोळ्याने धंदा करणार आणि एका डोळ्याने संसार? २३ म्हणजे २३." विषय संपला.

खुर्ची आली. लेकीने एकदा फिरून बघितली, छान आहे म्हणाली आणि तिच्यावर शेडकार्डं ठेवली.

१९ एप्रिल, शनिवार

आज तिने तो पांढरा काढला. मी सांगितलं नव्हतं. जेवून परत आलो तर टेबलावर तीन डबे, तिन्हींचे पट्टे एका फळीवर ओढलेले. उंच पेंटर फळी उन्हात नेऊन, सावलीत नेऊन बघत होता. तिळमात्र फरक नाही.

मी विचारलं, "तुला हा कसा जमला?"

"दोन वर्षं तुमचा रंग दुरुस्त करतेय," ती म्हणाली. "तो किती चुकतो हे मला नाही कळणार तर कोणाला?"

मग काठी डब्यात बुडवून तिने माझ्यापुढे धरली आणि अकरा वर्षं विचारते तसंच विचारलं, "बघा. चालेल का?"

उजव्या डोळ्याला तो निळा दिसला, स्वच्छ निळा. उजवा झाकून डाव्याने पाहिलं. दुधासारखा पांढरा. माझा पांढरा, मी आयुष्यभर ज्याच्यावर मिजास केली तो. खूप काही बोलावंसं वाटलं.

"हं. बरा आहे," मी म्हटलं.

तिने काठी पुसली. "सोमवारी कंपनीला फोन करून टाकते," म्हणाली. स्टेनर संपत आला असेल. बरं झालं, वेळेवर लक्षात आलं तिच्या.

२३ एप्रिल, बुधवार

डावा झाला. या वेळी मी बोललो नाही. डॉक्टरीणबाईंनीच विचारलं, "काका, बरे आहात ना?"

२५ एप्रिल, शुक्रवार

हिने आज कानउघाडणी केली. स्टेनरचा फोन नव्हताच तो. लेक नोकरीला हो म्हणणार आहे. सोमवारी त्यांचे साहेब जागेवर नव्हते, म्हणून राहिलं. आता मंगळवारी लावणार.

"पण खुर्ची दिली की तिला! पाटीवर नावसुद्धा घालणार होतो."

"तिला खुर्ची नकोय."

"मग काय हवंय?"

ही माझ्याकडे बघत राहिली. "दोन दोन डोळे नवे बसवून दिले तुम्हाला," म्हणाली, "तरी मीच दाखवायचं?"

दिवसभर काही सुचलं नाही. दुकानात तिच्यामागे उगाच फिरत राहिलो. तिने दोनदा विचारलं, "बाबा, काही हवंय का?" दोन्ही वेळा मी ब्रश मागितला. माझ्यापुढे आता दोन ब्रश पडले आहेत.

२९ एप्रिल, मंगळवार

पहिली इमारत झाली. अध्यक्षांनी बघायला बोलावलं. दातांचे डॉक्टर आले होते, उंच पेंटर होता, वसाहतीतली बरीच माणसं खाली जमली होती. लेक माझ्या मागे उभी होती, नेहमीसारखी.

मी वर पाहिलं. दोन्ही डोळे आता नितळ. चार मजले निळे, काही शंकाच नाही. आणि खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होते.

"वा शेडकाका!" अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "असा पांढरा दुसरा कोणी काढून दाखवावा. तुमच्या हाताला तोड नाही."

लोकांनी माना डोलावल्या. अशा वेळी मी काय करतो ते मला माहीत आहे. मान थोडी वाकवतो आणि "आपली कृपा" म्हणतो. मान वाकवायला गेलो आणि लेक दिसली. ऊन तिच्या अंगावर होतं. कानामागे चार-सहा केस पांढरे झालेले, खरे पांढरे. डोळ्यांखाली थकवा. मी तिला अजून काल दुकानात आलेली पोर समजत होतो. दोन वर्षं रोज दुपारी माझ्या अब्रूची झाकणं उघडून, नीट करून, पुन्हा ठोकून बसवत होती ही. कोणाला एक अक्षर बोलली नाही.

"हात लेकीचा आहे," मी म्हटलं. आवाज मोठा निघाला. "नजरही तिचीच. चूक तेवढी माझी."

अध्यक्ष खो खो हसले. दातांचे डॉक्टर हसले. उंच पेंटर मात्र हसला नाही, त्याने वर बघून उगाच एक कोपरा तपासला. लेकही हसली नाही. खाली बघून चपलेने माती सारखी करत राहिली.

परत येताना दुकानाच्या कोपऱ्यावर मी विचारलं, "कंपनीला फोन केलास?"

"आता गेल्यावर लावते."

"काय सांगणार आहेस?"

ती चालायची थांबली. "वेळ नाही म्हणून सांगते. अजून तीन इमारती चुकीच्या रंगवायच्या राहिल्यात."

आणि किल्ल्या काढून पुढे गेली, शटर उघडायला. मी मागेच थांबलो. डोळे चोळायचे नाहीत असं डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलंय. रडायचं नाही असं काही त्या म्हणाल्या नव्हत्या.